ट्रॅकसाठी ब्रेक पॅड निवडताना आधी तापमान बघा

ट्रॅकवर गाडी पळवायला लागलं की ब्रेक पॅडचा विषय लवकरच निघतो, आणि बहुतेक वेळा तो एकाच प्रश्नाने निघतो: सगळ्यात जोरात ब्रेक लागेल असं पॅड कुठलं? हा प्रश्नच आडवाटेला नेणारा आहे. एका वेळेपुरती गाडी किती कमी अंतरात थांबेल हे पॅड ठरवत नाही, टायर ठरवतात. रस्त्यावरच्या साध्या पॅड्सनीही पेडल पूर्ण दाबलं की एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागतो. म्हणजे टायरची पकड तिथेच संपली. त्यापुढे कितीही जहाल पॅड बसवलं तरी त्या एका ब्रेकिंगचं अंतर कमी होत नाही.

पॅडची खरी परीक्षा नंतर होते. पहिल्या लॅपला एखाद्या वळणाआधी जेवढ्या जोराने पेडल दाबल्यावर गाडी जेवढी मंदावली, तेवढ्याच जोराने दाबल्यावर ती दहाव्या लॅपलाही तेवढीच मंदावली पाहिजे. चालकाचा सगळा भरवसा यावर असतो, आणि हे सगळं तापमानावर अवलंबून असतं. म्हणून पॅड निवडायचं म्हणजे आपल्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर किती तापतात हे आधी ओळखायचं, आणि तेवढ्या तापमानात नीट चालणारं पॅड मग शोधायचं.

एवढी उष्णता येते कुठून

ब्रेक गाडीचा वेग घेतात आणि त्याची उष्णता करतात. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. १५०० किलोची गाडी गावात ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर साधारण २ लाख जूल ऊर्जा बाहेर पडते. तीच गाडी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर ताशी २०० वरून वळणासाठी ८० वर आणली तर १९ लाख जूलच्या वर. गाडी थांबलेलीही नाही, नुसती मंदावली आहे, तरी ऊर्जा नऊपट. घरातलं साडेपाच लिटर गार पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते, आणि ब्रेकना ती साडेतीन-चार सेकंदांत पचवायची असते.

जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे या कामाचा साधारण ७० टक्के भाग पुढचे ब्रेक करतात. पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, ज्यांच्यावर पॅड घासतात) मिळून १६ किलो ओतीव लोखंडाच्या आहेत असं धरा. हवेचा विरोध आणि वाटेत होणारं थंडावणं बाजूला ठेवलं तर या एकाच ब्रेकिंगमध्ये त्यांचं तापमान पावणेदोनशे अंश सेल्सियसच्या आसपास चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं काही उतरतं, तोवर पुन्हा ब्रेक येतो. असं चढत-उतरत तीन-चार लॅपमध्ये एक पातळी तयार होते. रस्त्यावरच्या रोजच्या वापरात डिस्क १०० ते २०० अंशांत असते. ट्रॅकवर ४०० ते ७०० अंश ही नेहमीची गोष्ट आहे.

यातून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. ‘ट्रॅक पॅड’ असा एकच प्रकार असू शकत नाही. ९०० किलोची छोटी गाडी आणि १८०० किलोची ताकदवान सेडान एकाच ट्रॅकवर पळाल्या तरी त्यांच्या ब्रेकचं जग वेगळं असतं. ट्रॅकचा स्वभावही मोजावा लागतो. मॉन्ट्रियलच्या सर्किटवर लांब सरळ पट्टे आहेत आणि त्यांच्या टोकाला अगदी हळू घ्यायची वळणं. ब्रेकसाठी तो ट्रॅक कठीण गणला जातो. सिल्व्हरस्टोनवर वळणंच वेगात घेतली जातात, त्यामुळे तिथे ब्रेकवरचा ताण तुलनेने कमी.

तापल्यावर नेमकं काय बिघडतं

ब्रेकची ताकद तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: कॅलिपर (पिस्टनने पॅड दाबणारा भाग) पॅडला डिस्कवर किती जोराने दाबतो, चाकाच्या मध्यापासून पॅड किती लांब आहे, आणि पॅड व डिस्क यांच्यातला घर्षणांक, म्हणजे त्यांच्या पकडीचं माप. पहिल्या दोन गोष्टी गाडीच्या रचनेत ठरलेल्या असतात. पॅड बदलून आपण बदलतो तो घर्षणांक. (पॅडचा आकार मोठा असला म्हणजे ब्रेक जास्त लागतो, हा समज चुकीचा आहे. मोठं पॅड उष्णता जास्त सोसतं आणि हळू झिजतं, एवढंच.)

रस्त्यावरच्या पॅड्सचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.४५ असतो, पण हा आकडा स्थिर नसतो. पॅड म्हणजे तंतू, धातूचे कण, ग्रॅफाइट, खरखरीत कण असं बरंच काही एकत्र करून रेझिनने बांधलेलं मिश्रण. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की हे रेझिन जळायला लागतं, त्यातून वायू सुटतात, आणि घर्षणांक झपाट्याने कोसळतो. सामान्य पॅड्समध्ये हे साडेतीनशे ते साडेचारशे अंशांच्या दरम्यान सुरू होतं. यालाच पॅड फेड होणं म्हणतात.

याची खूण पायाला कळते, आणि ती ओळखता आलीच पाहिजे. पॅड फेड झालं असेल तर पेडल नेहमीसारखंच टणक लागतं, तुम्ही जोर लावता, पण गाडी मंदावत नाही. याउलट पेडल मऊ पडलं, लांब खाली जायला लागलं, तर दोष पॅडचा नाही. कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळलं आहे. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचायच्या ऐवजी ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. तिसराही एक प्रकार आहे: खडबडीत कडेवरून गाडी गेल्यावर पहिल्या दाबाला पेडल खोल जातं आणि दुसऱ्या दाबाला लगेच ठीक होतं. तिथे चाकाच्या हादऱ्याने डिस्क हलून पिस्टन मागे ढकलले गेलेले असतात. या तिन्ही गोष्टींना लोक सरसकट ‘ब्रेक गेले’ म्हणतात आणि तिन्हींवर नवी पॅड्स हा एकच उपाय करतात. त्यातल्या एकाच ठिकाणी तो लागू पडतो.

म्हणून पॅडवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्याला पॅडपेक्षा ऑइलच आधी दगा देण्याची शक्यता मोठी असते. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो, पण हे ऑइल हवेतलं बाष्प शोषत राहतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर दर्जाची अट फक्त १५५ अंशांची उरते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. शर्यतीसाठी बनवलेली ऑइलं ताजी असताना ३०० अंशांपलीकडे जातात. नावात साम्य असलं तरी डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं ऑइल आहे. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि ट्रॅकच्या गाडीत घालू नये.

उष्णतेपुढे ब्रेकने हात टेकणं ही जुनी कथा आहे. ड्रम ब्रेकच्या काळात तर ती शर्यतीचे निकाल ठरवायची, कारण ड्रमच्या आत कोंडलेली उष्णता बाहेर पडायला वाट नसायची. १९५३ साली ला मान्सची २४ तासांची शर्यत जग्वार सी-टाइपने जिंकली, तेव्हा तिच्यावर डनलॉपच्या डिस्क ब्रेक होत्या. मोकळ्या हवेत फिरणारी डिस्क लवकर थंड होते. त्यामुळे जग्वारचे चालक लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक मारू शकत होते, आणि पुढच्या लॅपलाही तसाच मारू शकत होते.

खोक्यावर लिहिलेलं कितपत उपयोगी

बाजारात पॅड्स प्रकारांच्या नावांनी विकली जातात: ऑरगॅनिक, सिरॅमिक, सेमी-मेटॅलिक, सिंटर्ड. ही नावं फार मदत करत नाहीत. सेमी-मेटॅलिक म्हणजे पोलादाचे तंतू असलेलं मिश्रण. त्यात रोजच्या वापराचं पॅडही येतं आणि निव्वळ शर्यतीचंही. सिरॅमिक या नावाने तर पुष्कळांची फसगत होते. ते ऐकून उच्च तापमान डोळ्यांपुढे येतं, पण या नावाची बहुतेक पॅड्स कमी धूळ आणि कमी आवाज यांसाठी बनवलेली, रस्त्यावरची पॅड्स असतात. महागड्या गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशीही त्यांचा संबंध नसतो.

पॅडच्या कडेवर एफएफ, जीजी अशी इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली दिसते. पहिलं अक्षर थंड-कोमट अवस्थेतल्या घर्षणांकाचं, दुसरं तापलेल्या. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५, आणि एच त्याच्याही वर. काही जण यावरूनच ट्रॅकचं पॅड निवडतात. पण ही चाचणी पॅडच्या जेमतेम इंचभर चौरस तुकड्यावर होते आणि तिचं सर्वांत जास्त तापमान ३४५ अंशांच्या आत असतं. ट्रॅकवरचं काम जिथे सुरू होतं, तिथे ही चाचणी संपलेली असते.

मग बघायचं काय? चांगल्या कंपन्या प्रत्येक मिश्रणासाठी तापमान आणि घर्षणांक यांचा आलेख देतात. त्यात शिखर किती उंच आहे यापेक्षा रेषा किती सपाट आहे हे बघा. ०.५५ चं शिखर गाठून ५०० अंशांना कोसळणाऱ्या पॅडपेक्षा १५० ते ६५० अंशांपर्यंत ०.४५ च्या आसपास राहणारं पॅड मी केव्हाही घेईन. आणि ‘कमाल ८०० अंश’ असा नुसता आकडा दिसला तर सावध व्हा. तेवढ्या तापमानाला पॅड सुटं होत नाही, की तेवढ्या तापमानाला त्याचा घर्षणांक टिकतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आलेखाची डावी बाजूही तेवढीच महत्त्वाची. शर्यतीची काही पॅड्स थंड असताना मंद लागतात. ती डिस्कला लवकर खातात, किंचाळतात, आणि त्यांची लोखंडी धूळ ओली राहिली की चाकाच्या रंगावर गंजून चिकटते. सकाळी पहिल्याच सिग्नलला पेडल दाबल्यावर गाडी अपेक्षेपेक्षा पुढे सरकली, तर ट्रॅकवरच्या गुणांचा तिथे काही उपयोग नाही. युरोपात रस्त्यासाठीच्या बदली पॅड्सची ब्रेकिंग क्षमता मूळ पॅडच्या १५ टक्के पुढे-मागे असावी असा नियम आहे, आणि ट्रॅकची बरीच पॅड्स त्या नियमात बसवलेलीच नसतात. त्यामुळे रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच पॅड असावं ही इच्छा समजू शकते, पण ती एका मर्यादेपर्यंतच पुरी होते. हलकी गाडी, रस्त्याचे टायर, पंधरा-वीस मिनिटांची सत्रं एवढं असेल तर मधल्या जातीचं, म्हणजे थंड असतानाही नीट लागणारं आणि साडेपाचशे अंशांपर्यंत टिकणारं पॅड पुरतं. गाडी जड असेल, टायर चिकट असतील आणि तुम्ही वेगाने शिकत असाल, तर पॅड्सचे दोन जोड ठेवणं हाच खरा उपाय. बहुतेक गाड्यांत पॅड्स बदलणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

टायरचा उल्लेख मुद्दाम केला. चिकट टायर घातले की जमिनीवरची पकड वाढते, ब्रेक अधिक जोरात मारता येतो, लॅपची वेळ कमी होते आणि तेवढीच ऊर्जा कमी वेळात डिस्कमध्ये शिरते. गेल्या वेळपर्यंत उत्तम चाललेलं पॅड नव्या टायरवर अचानक अपुरं पडू शकतं.

स्वतःचं तापमान मोजा

अंदाज बांधण्यापेक्षा मोजणं सोपं आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. हिरवा, नारिंगी आणि लाल असे तीन ठिपके द्यायचे. ठरावीक तापमान ओलांडलं की प्रत्येकाचा रंग बदलतो. प्रचलित संचात ही तापमानं ४३०, ५६० आणि ६१० अंश अशी असतात. सत्र संपल्यावर हिरवा बदलला आणि बाकीचे दोन तसेच राहिले, तर तुमची डिस्क ४३० ते ५६० च्या मध्ये गेली होती. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात. त्या ऑइलची स्थिती सांगतात. नुसतं कंपनीच्या शब्दांवर विसंबण्यापेक्षा या ठिपक्यांवर केलेला थोडासा खर्च जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

तापमान फारच वर गेलेलं दिसलं तर जहाल पॅड हे पहिलं औषध समजू नका. डिस्कच्या मध्यभागी थंड हवा नेणारी नळी बसवली तर पॅड, डिस्क, ऑइल आणि पिस्टनभोवतीचे रबरी बूट या सगळ्यांचं आयुष्य एकदम वाढतं. पॅडचा फक्त घर्षणांक वाढवला तर उष्णता कमी होत नाही. ती गाडीच्या वजनावर आणि वेगावर ठरते, पॅडच्या जातीवर नाही.

पुढचं आणि मागचं

फक्त पुढच्या चाकांना जोरदार पॅड्स आणि मागे कंपनीची जुनी, असं अनेक गाड्यांत दिसतं. यामुळे ब्रेकचा तोल पुढे सरकतो: पुढची चाकं लवकर जाम व्हायला बघतात, एबीएस लवकर जागा होतो, मागचे टायर आपला वाटा उचलतच नाहीत, आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. तरीही ही चूक सोसवते. मागे पुढच्यापेक्षा जोरदार पॅड्स घालणं मात्र धोक्याचं आहे. ब्रेक दाबून वळणात शिरताना मागची चाकं सुटली की गाडी गिरकी घेते. पुढे-मागे एकाच जातीची, किंवा मागे किंचित सौम्य पॅड्स ही सुरक्षित सुरुवात.

आजच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर गाडी सरळ ठेवण्यासाठी तो स्वतःच एकेका चाकाचा ब्रेक लावत राहतो. चालकाला ते जाणवतही नाही, आणि दिवसाअखेरी मागची पॅड्स अनपेक्षितपणे झिजलेली निघतात. नवशिक्याने तो बंद करावा असं मी अजिबात म्हणणार नाही. मागच्या पॅड्सकडे लक्ष ठेवा, एवढंच.

पॅडचा स्वभाव हाही निवडीचा भाग आहे. काही पॅड्स पेडलला स्पर्श होताच झडप घालतात, काहींची पकड दाबाबरोबर हळूहळू वाढते. पहिली पहिल्या दिवशी आवडतात. पण वळणात शिरताना पेडलवरचा पाय थोडा थोडा उचलत ब्रेक सोडायचा असतो, आणि त्या वेळी पॅड किती सहज सुटतं यावर गाडीचा तोल राहतो. झडप घालणारं पॅड आणि पेडलवर लाथ मारायची सवय एकत्र आली की काही गाड्यांचा एबीएस गोंधळतो: पायाखाली बर्फ आहे असं समजून तो ब्रेकचा दाबच काढून घेतो. अजून पाय तयार होत असेल तर सौम्य सुरुवात असलेलं पॅड घ्या.

पॅड बसवल्यानंतर

नवं पॅड बसवून थेट जोरात निघायचं नसतं. चांगल्या ब्रेकमध्ये पॅड नुसत्या लोखंडावर घासत नाही. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि घर्षण त्या थरावर होतं. तो बसवण्यासाठी कंपनीने सांगितलेल्या क्रमाने, मध्यम वेगावरून वाढत्या जोराने बऱ्याच वेळा ब्रेक मारायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, आणि मग ब्रेक न लावता गाडी चालवत सगळं थंड होऊ द्यायचं. याच वेळी नव्या पॅडमधले उरलेसुरले वायू निघून जातात. हे केलं नाही तर पहिल्याच लॅपला नवं कोरं पॅड फेड होतं. थर असमान बसला तर स्टिअरिंग थरथरतं आणि ‘डिस्क वाकली’ असं निदान होतं. खरं तर बहुतेक वेळा डिस्क सरळ असते, तिच्यावरचा थर चट्ट्याचट्ट्यांनी बसलेला असतो.

याच कारणासाठी सत्राचा शेवटचा लॅप संथ घ्या, आणि पिटमध्ये आल्यावर ब्रेक दाबून उभे राहू नका, हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला अडण लावा. तापलेलं पॅड एका जागी दाबून राहिलं की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो.

जाडीचा हिशोबही रस्त्यापेक्षा वेगळा. पॅडचा थर पिस्टन आणि ऑइलला उष्णतेपासून वाचवतो. तो पातळ झाला की तेवढीच उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते, आणि उरलेला थर आणखी वेगाने झिजतो. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर द्रव्य असतं. निम्मं संपलं की ते पॅड ट्रॅकवर नेऊ नये. तपासताना आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही पॅड्स बघा. सरकत्या कॅलिपरची पिन अडकली असेल तर बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या चाकात आतलं पॅड झिजून मागच्या लोखंडी पत्र्याला टेकलेलं असू शकतं. डिस्कवर केसासारख्या बारीक भेगा ट्रॅकवर पडतातच, पण एखादी भेग कडेपर्यंत पोचली असेल तर ती डिस्क तिथेच काढून टाका.

दोन जोड ठेवणार असाल तर शक्यतो एकाच कंपनीची, एकमेकांच्या थराशी जुळणारी रस्त्याची आणि ट्रॅकची पॅड्स घ्या. कंपनीला विचारलं तर ती हे सांगते. जुळत नसतील तर डिस्कचाही वेगळा जोड ठेवावा लागतो, किंवा दर बदलानंतर जुना थर घासून काढून नवा बसवावा लागतो. काढलेल्या पॅड्सवर चाक कुठलं, बाजू कुठली, आतलं की बाहेरचं हे खडूने लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ती त्याच जागी परत बसवा.